फोनवर मुलाखत नको म्हणालो आणि नोकरी लागली – माझा अनुभव

बीकॉम झालेलं, टॅली येतं, जीएसटीची रिटर्न भरता येतात, गावाकडं मोंढ्यात एका आडत्याकडं हिशेब पण लिहिलेत, तरी नोकरी लागत नव्हती आणि त्याचं कारण होतं फोन. लहानपणी तापात माझे दोन्ही कान गेले, म्हणजे पूर्ण नाही, कानाचं मशीन लावलं की समोरच्या माणसाचं बोलणं बऱ्यापैकी कळतं. पण फोनवर ओठ दिसत नाहीत आणि फोनमधी आवाजाचा बारीक भाग कापला जातो, त्यामुळं स, श, फ ही अक्षरं माझ्यापर्यंत येतच नाहीत. आणि आजकाल कुठं पण अर्ज करा, पहिला राउंड काय तर एचआरचा पाच मिनिटांचा कॉल. तिथंच कटाप. घरच्या कुणाकडं फोन दिला तर एचआरवाल्यांना वाटतं हा पोरगा स्वतः बोलू शकत नाही, याला काय काम जमणार.

आधी दिव्यांग सर्टिफिकेटचं सांगतो कारण लई जण तिथंच अडकतेत. युडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा अर्ज ऑनलाइन भरायचा, मग सरकारी दवाखान्यात तपासणी. कानाची ऑडिओमेट्री होते, म्हणजे किती ऐकू येतं ते मोजतेत, आणि खात्रीसाठी बेरा टेस्ट करायला लावतेत, डोक्याला वायरी चिकटवून पडून राहायचं, आपण काही बोलायचं नाही, मशीन बघतं कान काय पकडतोय ते. कायद्यात दोन्ही कानांचा ऐकण्याचा लॉस 60 ते 70 डेसिबल असला तर कमी ऐकू येणारा आणि 70 च्या पुढं असला तर कर्णबधिर. दिव्यांगत्वाचे टक्के काढताना चांगल्या कानाला पाचपट धरतेत, चांगल्याचे टक्के गुणिले पाच, त्यात वाईटाचे मिळवायचे आणि सहानं भागायचं. म्हणून एकच कान पूर्ण गेलेला असला तर टक्के लई कमी येतेत, मग माणूस तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाशी भांडत बसतो, पण हिशेबच तसा आहे. मी 40 च्या वर बसलो, पिवळ्या पट्टीचं कार्ड आलं. 80 च्या पुढं निळी असते.

कार्ड आलं म्हणजे नोकरी आली असं नाही हे पण सांगून ठेवतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सरकारी नोकरीत 4 टक्के आरक्षण आहे, त्यातला 1 टक्का आपल्यासारख्या कानवाल्यांचा. प्रायव्हेटला आरक्षण नाही. पण एक गोष्ट आहे जी मला पण उशिरा कळाली, 20 किंवा जास्त माणसं असलेल्या प्रायव्हेट कंपनीनं पण समान संधी धोरण करायचं असतं, कोणत्या जागा दिव्यांगांना चालतील, निवड कशी करणार, सोय काय देणार हे त्यात लिहायचं आणि त्याची कॉपी दिव्यांग आयुक्तांकडं नोंदवायची. मी ज्या ज्या ठिकाणी विचारलं तिथं एचआरला हे माहीतच नव्हतं. बरं कायद्याचं कलम टाकून मेल केला की लोक घाबरतेत आणि उत्तरच देत नाहीत, हा माझा अनुभव. म्हणून मी कलम काढून टाकलं आणि फक्त काय पाहिजे ते लिहायला लागलो:

“मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, मशीन वापरतो. फोनवरचं बोलणं कळत नाही. समोर बसून किंवा व्हॉट्सॲपवर लिहून मुलाखत घेतली तर अडचण येणार नाही. टॅलीची प्रॅक्टिकल टेस्ट द्यायला तयार आहे.”

बस एवढंच. बऱ्याच जणांनी वाचून सोडून दिलं. वाळूज एमआयडीसीतल्या एका कंपनीनं, नाव घेत नाही, उलट विचारलं की साइन लँग्वेजवाला माणूस आणावा लागेल का. मला ती भाषा येतच नाही! सगळ्या कानवाल्यांना ती येते असं लोकांना का वाटतं काय माहीत, पण निदान विचारलं तरी. मी कळवलं, गरज नाही, शांत खोली द्या.

मुलाखतीच्या खोलीत एसी घरघर करत होता आणि मशीन माणसाच्या आवाजाआधी तोच मोठा करून देतं. शिवाय तिघंही खिडकीकडं पाठ करून बसलेले, त्यामुळं तोंडं काळी दिसायची. मी सरळ म्हणालो, सर एसी थोडा वेळ बंद करता का आणि जागा बदलू का. अवघड वाटलं बोलायला, पण ते लगेच उठले. अकाउंट्सच्या सायबांना मात्र एवढ्या झुपकेदार मिशा की वरचा ओठच दिसेना, तिथं माझा इलाज संपला. मग टेबलावर मोबाइल ठेवून लाइव्ह ट्रान्सक्राइब नावाचं बोललेलं लिहून दाखवणारं ॲप चालू केलं, ते मराठी पण लिहितं, चुकतं, आमच्याकडचं “काय करायलास” तर त्याला झेपतच नाही, पण जीएसटीचे प्रश्न बरोबर आले. नंतर लॅपटॉपवर बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे बँकेचा आणि आपला हिशेब जुळवायला दिलं, त्यात एक चेक दोनदा पडला होता, तो सापडला आणि वातावरण बदललं.

तरी सेफ्टीवाले अडून बसले. फोर्कलिफ्टचा हॉर्न ऐकू नाही आला तर? प्रश्न चुकीचा नव्हता, त्यांच्यावर जबाबदारी असते. पण मी अकाउंट्सचा माणूस, स्टोअरला फक्त स्टॉक मोजायला जाणार. ठरलं असं की तेव्हा सोबत एक जण राहील, अंगात चमकणारं जॅकेट घालायचं आणि फोर्कलिफ्टवर लुकलुकणारी लाइट लावायची. ती लाइट सगळ्यांनाच उपयोगी पडली, कारण कारखान्यातल्या मशिनी चालू असताना तिथं चांगल्या कानाच्या माणसाला पण हॉर्न ऐकू येत नाही.

खरी सोय फुकटात झाली. टेबलावरच्या फोनवर पार्टीचे कॉल येतेत, पेमेंट कधी, बिल पास झालं का. शेजारच्या मित्राला टू-बी मॅचिंगचा भयंकर कंटाळा, म्हणजे जीएसटी पोर्टलवरचं एक एक बिल आपल्या हिशेबाशी जुळवायचं काम. ते मी घेतलं, माझे फोन त्यानं घेतले. सायबाला कळालं तेव्हा ते म्हणाले, काम होतंय ना, मग करा.

आता कंपनीच्या मुलाखतीच्या मेलमधी एक ओळ वाढलीय, काही सोय लागत असेल तर आधी कळवा म्हणून. ती वाचून मधी पोलिओ झालेल्या एका पोरानं कळवलं, तर लक्षात आलं अकाउंट्स वरच्या मजल्यावर आणि लिफ्टच नाही. मुलाखत खाली घेतली, पोरगं हुशार निघालं, पण बसवायचं कुठं यावर एचआर आणि ॲडमिनचं अजून चालूच आहे, मी खालची डिस्पॅचशेजारची खोली सुचवलीय. फायर अलार्मला लाइट बसवायची पण बाकी आहे, कोटेशन आलंय म्हणतेत, मी दर सोमवारी विचारतो.