योजनेचा पेशंट आला की सिस्टर कपाळाला आठ्या का घालतात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, मी वॉर्डातलीच सिस्टर. पेशंटचे नातेवाईक विचारतात, लग्नाकार्यात भेटलेले पाहुणेही विचारतात, की सरकारने वर्षाला 5 लाखांचा विमा दिलाय तर तुम्हा हॉस्पिटलवाल्यांना तो नको का असतो?

नको कशाला असेल हो! ही विम्याची आयुष्मान भारत योजना 2018 ला आली, त्याच्या आधीपासून आपल्याकडे राज्याची जीवनदायी होती, तीच पुढे महात्मा फुले योजना झाली. अँजिओप्लास्टी झालेल्या एका आजोबांना डिस्चार्जच्या वेळी सांगितलं की काही भरायचं नाही, तर त्यांचा विश्वासच बसेना, "मग सही कशाची घेताय?" म्हणून मुलगा येईपर्यंत पेनच हातात घेतलं नाही त्यांनी. असं बघितल्यावर योजना बंद करा असं कुठली सिस्टर म्हणेल?

पण हॉस्पिटलवाले म्हणजे काय एकच माणूस नाही. मालकाचं रडगाणं पॅकेजच्या रेटचं, म्हणजे एकेका उपचाराला योजनेने ठरवून दिलेल्या रकमेचं, आणि अडकलेल्या क्लेमचं, म्हणजे योजनेकडून यायच्या पैशांचं, सर्जन वैतागतात प्री-ऑथसाठी, म्हणजे उपचाराआधी योजनेकडून घ्यायच्या मंजुरीसाठी, थांबायला लागतं म्हणून, आणि ह्या दोघांचं निदान पेपरात तरी येतं. वॉर्डातलं कोण विचारतंय? योजनेचा पेशंट म्हणजे पेशंटच्या नोंदींचं नेहमीचं चार्टिंग आहेच, वर बेडवरचा फोटो, रिपोर्टच्या कॉप्या, एखादी सही राहिली की योजनेकडून क्वेरी, की योजनेच्या डेस्कवरचा मुलगा धावत येणार "सिस्टर फाईल द्या" करत आणि मी तेव्हा कुणाच्या तरी हातात व्हेन शोधत असते. रेशनकार्डावर नाव एक, आधारवर दुसरं, पोर्टल अडकलं की नातेवाईक ओरडणार कुणावर, तर समोर उभ्या असलेल्या बाईवर. पेशंट वाढले, आम्ही तेवढ्याच. सरकारी दवाखान्यात क्लेमच्या पैशातून स्टाफला काही देता येतं म्हणे, आमच्या प्रायव्हेटमध्ये नाव काढू नका!

आणि एक, हे मात्र मनापासून खटकतं. हा विमा ॲडमिट झालेल्याचा आहे. डिस्चार्जनंतर थोड्याच दिवसांची औषधं त्यात बसतात, पुढची बीपी-शुगरची रोजची गोळी ज्याची त्याने बघायची. ती परवडत नाही म्हणून बंद होते, मग तोच माणूस शुगरने पाय काळा पडल्यावर परत येतो, आणि तेव्हा पाय कापायचं ऑपरेशन मात्र योजनेत बसतं. ह्यावर आम्ही चहाच्या वेळी जे बोलतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.