मुद्दल फिटलं, कर्ज नाही

सरकारने विद्यार्थ्यांची शैक्षणिक कर्जं माफ करावीत का, यावर माझं कित्येक वर्षं एकच उत्तर होतं. नाही. कारण काय, तर मी माझं फेडलंय. नोकरीची पहिली काही वर्षं पगार झाला की दुसऱ्याच दिवशी हप्ता जायचा, गाडी घेतली नाही, कुठे फिरायला गेलो नाही, आणि शेवटचा हप्ता गेला त्या दिवशी फोनवर एक मेसेज आला, तेवढाच काय तो सत्कार. मग बाकीच्यांना फुकट का? हा राग खरा असतो हं, त्याला जळकुटेपणा म्हणून उडवून लावणाऱ्यांनी बहुतेक कधी हप्ते भरलेले नसतात.

तर मागच्या महिन्यात चुलतबहिणीने तिच्या कर्जाचं स्टेटमेंट पाठवलं. "दादा, हे बघ ना जरा, यांची काहीतरी चूक झालीये." रात्री लॅपटॉप घेऊन बसलो, सगळे हप्ते एका शीटमध्ये टाकले, बेरीज केली, परत केली. चूक नव्हतीच कुठे. तिने आजवर जेवढं भरलंय ते घेतलेल्या कर्जापेक्षा जास्त झालंय आणि बाकी दाखवतायत तीसुद्धा घेतलेल्या रकमेपेक्षा जास्त.

हे कसं होतं ते 100 च्या हिशोबात सांगतो म्हणजे कुठल्याही चलनात चालेल. कॉलेज सुरू होताना 100 घेतले, व्याज 8 टक्के. शिकत असताना हप्ता नाही म्हणून आपण खुश, पण बहुतेक कर्जांत व्याजाचं मीटर तेव्हापासूनच चालू असतं आणि ते व्याज दरवर्षी मुद्दलात मिसळत जातं असं धरू. चार वर्षं शिकण्यात गेली, एक नोकरी शोधण्यात, म्हणजे पहिला हप्ता भरायच्या आधीच 100 चे 147 झालेले असतात. त्यावर वर्षाचं व्याज पावणेबारा. तुम्ही वर्षाला 12 भरलेत तर कर्ज कमी झालं किती? चार आणे. वर्षभर पोटाला चिमटा काढून चार आणे! आणि मध्ये नोकरी गेली, सहा महिने हप्ते थांबवायची परवानगी घेतली, की तेही गेले आणि वर नवीन चढलं.

इथे माझा माझ्याबद्दलचा एक गैरसमज पण गेला. मला वाटायचं मी फेडलं कारण मी शिस्तीचा. खरं म्हणजे माझा पगार बरा होता, मोठे हप्ते झेपले, म्हणून व्याज कमी लागलं. तेवढंच कर्ज घेतलेल्या पण कमी पगारावर लागलेल्या माणसाला तीच डिग्री माझ्यापेक्षा कितीतरी महाग पडते. उलटं नको का असायला?

पण म्हणून मी सरसकट माफीच्या बाजूचा झालो असं नाही. अमेरिकेचंच बघा, तिथे फक्त केंद्र सरकारचं विद्यार्थी कर्ज 1.6 ट्रिलियन डॉलरच्या घरात आहे आणि कर्जदार चार कोटींच्या वर. ऑगस्ट 2022 मध्ये बायडन यांनी प्रत्येकी 10,000 डॉलरपर्यंत, आणि गरीब घरांसाठीचं पेल अनुदान घेतलेल्यांना 20,000 पर्यंत माफी जाहीर केली. खर्चाचा अंदाज साधारण 400 अब्ज डॉलर. जून 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने 6 विरुद्ध 3 ने ती रद्द केली, कारण एवढा मोठा निर्णय संसदेच्या स्पष्ट परवानगीशिवाय घेता येत नाही. कायद्याचा भाग सोडा, पण समजा ती माफी झाली असती तरी पुढच्या वर्षी कॉलेजात येणाऱ्या पोरांनी तीच फी भरायला तेच कर्ज तशाच व्याजाने घेतलंच असतं ना? नळ उघडा ठेवून फरशी पुसायची, आणि किती पाणी पुसलं ते मोजायचं.

आणि सरसकटमध्ये फायदा नक्की कुणाला होतो ते बघायला गेलं की डोकं चक्रावतं. इंग्लंडमध्ये फी 1998 ला आली तेव्हा वर्षाला 1,000 पौंड होती, 2012 ला 9,000 पर्यंत गेली. पण तिथली परतफेड पगारावर असते, ठराविक मर्यादेच्या वरच्या कमाईचे 9 टक्के, आणि 2012 नंतरच्या मुलांचं उरलेलं कर्ज 30 वर्षांनी आपोआप रद्द (2023 पासून नवीन मुलांना ते 40 वर्षं केलंय, हे मला तरी पटत नाही). म्हणजे कमी पगारवाल्याचं कर्ज तसंही शेवटी सुटणारच आहे. सगळं आज माफ केलं तर सगळ्यात जास्त कुणाचं वाचेल? जो पूर्ण फेडणार होता त्याचं, म्हणजे चांगल्या पगारवाल्याचं. ऑस्ट्रेलियाने 2025 मध्ये सगळ्यांची विद्यार्थी कर्जं 20 टक्क्यांनी कमी केली, छान झालं, पण 20 टक्के म्हणजे ज्याचं कर्ज मोठं त्याला सूट मोठी, आणि मोठी कर्जं बऱ्याचदा वकील-डॉक्टर होणाऱ्यांची असतात. आणि जो कॉलेजात गेलाच नाही, अठराव्या वर्षी कामाला लागला, तो पण कर भरतोच की. त्याला हे समजावून सांगायला मी तरी जाणार नाही.

उलट खरे अडकलेले असतात ते कॉलेज अर्धवट सोडलेले. कर्ज छोटंसंच असतं पण डिग्री नाही म्हणून पगार नाही, अमेरिकेत हप्ते थकवणाऱ्यांत हीच मंडळी जास्त. शिवाय तिथे दिवाळखोरी जाहीर केली तरी विद्यार्थी कर्ज सहसा सुटत नाही. धंदा बुडाला तर सुटका आहे, शिक्षण बुडालं तर नाही.

मग माझं म्हणणं काय? व्याजाकडे बघा. आपल्याकडच्या जुन्या धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम आहे, सावकार एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज मागूच शकत नाही. रोमन कायद्यात तसंच होतं, साऊथ आफ्रिकेत आजही आहे. म्हणजे सावकारांचं जग ज्यांनी जवळून बघितलं त्यांनाही कळलं होतं की एका रेषेपुढे ती वसुली राहत नाही, वेठबिगारी होते. आणि अमेरिका-इंग्लंडच्या विद्यार्थी कर्जात तर सावकार म्हणून सरकार बसलंय! माझी रेषा जरा अलीकडे आहे. घेतलं तेवढं परत आलं, वर महागाईपुरतं थोडं आलं, की खातं बंद. बाकी सोडून द्या. ज्या कॉलेजनी खोटी आश्वासनं देऊन पोरं भरली त्यांच्या विद्यार्थ्यांचं मात्र पूर्ण सोडा, अमेरिकेने 2022 मध्ये कोरिंथियन कॉलेजेसच्या साडेपाच लाखांवर लोकांचं तसं सोडलं.

हे काही माझं डोकं नाही, न्यूझीलंडमध्ये देशात राहणाऱ्यांना 2006 पासून विद्यार्थी कर्जावर व्याजच नाही. बायडन सरकारनेही 2024 मध्ये वाढलेल्या व्याजापुरत्या माफीचा प्रस्ताव आणला होता आणि वर्ष संपायच्या आत मागे घेतला. हो, सरकारही पैसा व्याजानेच उभा करतं, त्यामुळे ही सूट पण शेवटी करदात्याच्या खिशातूनच, मला माहितीये. पण यात मला माझ्या सात-आठ वर्षांच्या हप्त्यांचा अपमान वाटत नाही, कारण समोरच्यानेही घेतलेलं परत केलेलं असतं. आणि त्याला माफी का म्हणायचं हेही कळत नाही, गुन्हा काय केला त्याने?

बहिणीला शीट परत पाठवली. हप्त्यांची बेरीज ज्या ओळीत घेतलेल्या रकमेएवढी होते ती ओळ मी पिवळी करून ठेवली होती. तारीख गेल्या वर्षीच्या एका मंगळवारची होती. तिचा उशिरा रिप्लाय आला, "ऑफिसात असेन रे, काही आठवत नाही."