पिस्तुलात क्लिप नाही

परवा दुपारी ‘मास इफेक्ट २’ हा व्हिडिओ गेम पुन्हा पहिल्यापासून खेळायला घेतला. सुरुवातीलाच कमांडर शेपर्डचे जहाज फुटते, ती अवकाशात गुदमरून मरते आणि दोन वर्षांनी सर्बरस नावाच्या एका गुप्त संघटनेच्या प्रयोगशाळेत, टेबलावर, तिला जाग येते. बाहेर हल्ला सुरू झालेला असतो. मिरांडा नावाची बाई स्पीकरवरून तिला ऊठ, चिलखत चढव, पिस्तूल घे असे घाईघाईने बजावत असते. शेपर्ड पिस्तूल उचलते, त्याच्यावर एक नजर टाकते आणि कुरकुरते, की या पिस्तुलात थर्मल क्लिपच नाही. हा प्रसंग मी आजवर चार वेळा तरी खेळले असेन आणि चारही वेळा मिरांडाची घाई मला इतकी लागली होती, की या वाक्याकडे माझे लक्षच गेले नव्हते. परवा गेले, आणि मी गेम तिथल्या तिथे थांबवून बसून राहिले, कारण थर्मल क्लिप ही वस्तू या बाईने जन्मात पाहिलेली नाही.

ज्यांनी २००७ सालचा पहिला भाग खेळला आहे, त्यांना हे सांगायला नको. त्या भागात बंदुकीच्या पोटात धातूचा एक ठोकळा असे आणि प्रत्येक बाराला त्याचा कणभर कपचा निघून तो प्रचंड वेगाने सुटे, त्यामुळे गोळ्या संपण्याचा प्रश्नच नव्हता. बंदूक फक्त तापायची. ती निवेपर्यंत खांबाआड दम धरून बसायचे, एवढेच. २०१० साली दुसरा भाग आला आणि त्याच बंदुकांना उष्णता शोषून घेणाऱ्या सुट्या क्लिपा लागू लागल्या. क्लिप भरली की फेकायची, नवी बसवायची, आणि नव्या संपल्या की निवण्याची वाट पाहण्याचीही सोय नाही. गेमच्या कोडेक्समध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या माहितीकोशात, याचे कारण दिलेले आहे. गेथ या यंत्रमानवांशी लढताना असे लक्षात आले, की जो जास्त गोळ्या झाडतो तोच बहुधा जिंकतो; म्हणून सगळ्या आकाशगंगेने मधल्या दोन वर्षांत आपली शस्त्रे बदलून घेतली. ठीक आहे, मान्य केले. पण कथेतल्या कालगणनेनुसार शेपर्ड मेली २१८३ मध्ये आणि उठली २१८५ मध्ये. ही मधली दोन वर्षे ज्या एकाच व्यक्तीच्या वाट्याला आली नाहीत, तिच्याच तोंडी हे वाक्य.

याचे खरे उत्तर मलाही ठाऊक आहे. खेळणाऱ्याने एका जागी दडून न राहता गोळ्या शोधत धावावे, असे गेम बनवणाऱ्यांना वाटले आणि त्या ओघात संवाद लिहिणाऱ्याला शेपर्डच्या मरणाचे भान राहिले नाही. हे उत्तर सरळ आहे आणि मला ते अजिबात सोसत नाही. ‘अगं, गेम आहे तो’ असे कोणी म्हणाले, की माझ्या कपाळावरची शीर उडू लागते. मला उत्तर हवे असते ते त्या जगाच्या आतले. म्हणून परवा गेम थांबवल्यानंतर जेमतेम दहा मिनिटांत माझी थिअरी तयार होती: शेपर्डला पुन्हा घडवण्यासाठी सर्बरसने चार अब्जांहून अधिक क्रेडिट्स खर्च केले, एवढा पैसा ओतणाऱ्या माणसांनी तिच्या मेंदूत दोन वर्षांची शस्त्रविद्या आधीच भरून ठेवली असेल, तर त्यात नवल ते काय? थिअरी मला इतकी आवडली, की मी उठून पाणी प्यायले.

घोटाळा पुढेच आहे. याच भागात शेपर्डचा एक सोबती, जेकब, आपल्या वडिलांचा शोध घेतो. त्यांचे जहाज दहा वर्षांपूर्वी एका निर्जन ग्रहावर कोसळलेले आहे. (जहाजाचे नाव ‘ह्यूगो गर्न्सबॅक’. १९२६ साली ‘अमेझिंग स्टोरीज’ हे विज्ञानकथांचे मासिक काढणाऱ्या संपादकाचे हे नाव. एवढा अभ्यास असलेली माणसे कालगणनेत कशी चुकतात, हे एक वेगळेच कोडे.) दहा वर्षे जगापासून तुटलेल्या त्या किनाऱ्यावर शेपर्ड उतरते आणि तिथेही थर्मल क्लिपा हव्या तेवढ्या पडलेल्या असतात. येथे मात्र सारवासारव करणाऱ्याचा हात जरा थबकतो. मी एकदा असे ठरवले होते, की क्लिपा पूर्वीपासूनच होत्या आणि त्या काळी त्या दुसऱ्याच कसल्या तरी यंत्रात घालत असत. पण मग कोडेक्स खोटे ठरते, आणि कोडेक्सवर एकदा अविश्वास दाखवला, की पायाखाली काहीच उरत नाही.

ही खोड मला गेमने लावलेली नाही. मी आठ वर्षांची आणि दादा बारा वर्षांचा असताना आमच्या हाती एक रहस्यकथा लागली होती. तिला मुखपृष्ठ नव्हते आणि मधली चार पाने गायब होती. ६२व्या पानावर नायकाचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये गळ्यात बांधलेला आणि ६७व्या पानावर तोच नायक दोन्ही हातांनी दोर धरून तिसऱ्या मजल्यावर चढत होता. दुपारी घरातली मोठी माणसे झोपली, की आम्ही दोघे फरशीवर पालथे पडून हनुवटीखाली मुठी घ्यायचो, पुस्तक मध्ये उघडे ठेवायचो आणि त्या चार पानांत काय घडले असेल यावर कुजबुजत भांडायचो. माझे म्हणणे असे होते, की दोर चढणारा नायकाचा जुळा भाऊ आहे. दादा म्हणायचा, की प्लॅस्टर मुळातच खोटे होते. खलनायकाने बेसावध राहावे म्हणून ते बांधले होते. त्याच्या बाजूने पुरावाही होता. ५८व्या पानावर नायक चहाचा कप ‘उचलतो’ असे लिहिले होते, कोणत्या हाताने ते लिहिले नव्हते, आणि एवढा काटेकोर लेखक हाताचा उल्लेख उगाच गाळणार नाही, असे दादाने मला बोट उगारून सांगितले होते. माझा जुळा भाऊ तिथेच संपला.

बऱ्याच वर्षांनी मला त्याच पुस्तकाची धड प्रत मिळाली. मी उभ्या उभ्या ती चार पाने वाचली. त्यांत सूर्यास्ताचे वर्णन होते आणि नायकाच्या आत्याचे एक लांबलचक पत्र होते. हाताविषयी अवाक्षर नव्हते. लेखक प्लॅस्टर विसरून गेला होता.

संस्कृत टीकाकारांकडे यासाठी एक सुरेख शब्द आहे. एखाद्या ऋषीच्या वचनात व्याकरणाचा नियम मोडलेला दिसला, तर ऋषी चुकला असे टीकाकार म्हणत नाही; तो ‘आर्ष प्रयोग’ म्हणतो आणि पुढच्या श्लोकाकडे वळतो. आपण केली तर चूक आणि ऋषीने केली तर आर्ष, यात लबाडी आहे हे मला कळते. पण ज्या ग्रंथाशी रोज उठून गाठ पडायची आहे, त्याच्या कर्त्याला विसरभोळा ठरवून मनुष्य किती दिवस तो वाचू शकेल? शेपर्डच्या त्या वाक्याला परवापासून मी मनातल्या मनात आर्ष म्हणते आहे. अडचण इतकीच, की टीकाकाराला ते एका शब्दात साधते आणि आम्हांला चार पाने लागतात.

या मालिकेच्या लेखकांनी एकदा स्वतःच टीकाकाराची भूमिका घेतली, तेव्हा मला फार बरे वाटले होते. पहिल्या भागात कॉनराड व्हर्नर नावाचा शेपर्डचा एक भाबडा भक्त भेटतो. त्याच्याशी आपण गोडीने बोलू शकतो किंवा त्याच्या तोंडावर पिस्तूल रोखून त्याला घाबरवूही शकतो. दुसऱ्या भागात तो पुन्हा भेटतो आणि ‘तू माझ्या तोंडावर पिस्तूल रोखले होतेस’ अशी तक्रार करतो. दोष असा होता, की ज्यांनी त्याच्यावर पिस्तूल रोखलेच नव्हते, त्यांनाही तो हेच ऐकवायचा. सेव्ह फाइलमधली एक नोंद चुकीची वाचली जात होती. मी त्याच्याशी अत्यंत सौजन्याने वागले होते आणि तो आरोप ऐकून खरोखर दुखावले होते. तिसऱ्या भागात कॉनराड येतो आणि त्या विधानाबद्दल माफी मागतो; म्हणतो, त्या वेळी माझ्यावर फार ताण होता. प्रोग्राममधली चूक एका माणसाचा स्वभाव होऊन गेली. सारवावे तर असे.

तिसऱ्या भागाच्या शेवटापाशी मात्र सारवण्याचे काम लेखकांच्या हातून निसटले आणि ते आम्ही अंगावर घेतले. मार्च २०१२ मध्ये तो भाग आला. शेवटच्या चढाईत शेपर्ड लंडनच्या ढिगाऱ्यांतून एका प्रकाशझोताकडे धावते, हार्बिंजर हा अजस्र रीपर (रीपर म्हणजे आकाशगंगेचा संहार करायला आलेली महाकाय यंत्रे) तिच्यावर किरण सोडतो, आणि त्यानंतर ती उठते ती जळक्या चिलखतात, लंगडत. इथून पुढे काहीच जुळत नाही. तिच्या मागून वर आलो म्हणणारा तिचा वरिष्ठ, अँडरसन, तिच्या आधी यंत्रापाशी पोहोचलेला असतो. मालिकाभर निळा रंग सज्जनपणाचा आणि तांबडा दांडगाईचा. इथे मात्र रीपरांचा नाश करण्याची वाट तांबडी आणि त्यांच्यावर सत्ता गाजवण्याची वाट निळी. तिच्या हातातल्या पिस्तुलाच्या क्लिपा तर संपतच नाहीत. कितीही बार काढा, ते चालतच राहते.

यातून जी थिअरी जन्मली, ती या छंदातला राजवाडाच म्हणावी अशी आहे. रीपरांच्या सान्निध्यात माणसाचे मन हळूहळू त्यांच्या ताब्यात जाते, हे मालिकेने पहिल्या भागापासून सांगितलेले आहे. या प्रकाराला इन्डॉक्ट्रिनेशन म्हणतात. थिअरी म्हणते, किरण लागल्यानंतरचे सगळे शेपर्डच्या डोक्यात घडते आहे, आणि तो रीपरांनी तिच्या मनावर केलेला शेवटचा हल्ला आहे. आता सगळे पुरावे एका रांगेत येऊन उभे राहतात. तिच्या दुःस्वप्नांतल्या झाडाझुडपांसारखीच झुडपे ती शुद्धीवर येते तिथे दिसतात. पृथ्वीवर तिला भेटलेल्या लहान मुलाशी दुसरे कोणीही एक शब्द बोललेले नाही. रंग उलटे आहेत, कारण तिला फसवायचे आहे. पिस्तूल रिकामे होत नाही, कारण स्वप्नात कोण गोळ्या मोजतो? आणि पुरेशी तयारी करून नाशाची तांबडी वाट निवडली, तरच अगदी शेवटी ढिगाऱ्यात पडलेले एक चिलखतधारी शरीर श्वास घेताना दिसते. हे मी पहिल्यांदा वाचले, त्या रात्री मला झोप लागली नाही. दादाने कपावरून प्लॅस्टर खोटे ठरवले होते, तेव्हाची तीच शिरशिरी होती.

त्या वसंतात नाराजांनी आणखीही बरेच काही केले. शेवट बदला म्हणून मोहीम काढताना त्यांनी आजारी मुलांसाठीच्या एका संस्थेला ऐंशी हजार डॉलरच्या आसपास देणगी जमवून दिली. शिवाय कंपनीला चारशेच्या आसपास कपकेक पाठवले. त्यांच्यावरचे थर तांबडे, निळे आणि हिरवे, आणि चव मात्र सगळ्यांची एकच. तीन शेवटांवर इतकी नेमकी टीका मी कोणत्याही लेखात वाचलेली नाही.

२६ जून २०१२ रोजी कंपनीने वाढवलेला शेवट मोफत दिला. सर्वांत मोठे भोक त्यात बुजवलेले होते: शेवटच्या धावेत शेपर्डबरोबर असणारे सोबती नंतर दूर पळणाऱ्या जहाजावर कसे पोहोचले, याचा प्रसंग घातला होता. ऐन चढाईत नॉर्मंडी जहाज खाली उतरते, जखमी सोबती त्यात चढतात, शेपर्ड त्यांचा निरोप घेते, डोळे भरून येतात. आणि हा सगळा वेळ, क्षणापूर्वी मुंगीसारखी माणसे टिपणारा हार्बिंजर, उघड्यावर उतरलेल्या त्या एवढ्या मोठ्या जहाजाकडे पाहत सभ्यपणे थांबलेला असतो. एक भोक बुजवायला आणलेल्या मातीसाठी शेजारी दुसरा खड्डा खणलेला. थिअरीवाल्यांनी त्यावरही थिअरी केलीच. इन्डॉक्ट्रिनेशनच्या त्या महालाला मात्र कंपनीने दार उघडून दिले नाही. मी स्वतः तो सोडून दिलेला आहे, आणि तरीही शेवटची वाट तांबडीच निवडते.

एवढे सगळे झाल्यावर मला थांबवलेल्या गेमची आठवण झाली. पण त्याआधी मी दादाला फोन केला. शेपर्डचे वाक्य त्याला वाचून दाखवले, माझी थिअरी सांगितली, आणि ओघाने प्लॅस्टरची गोष्टही काढली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘जुळा भाऊ माझा होता. खोटं प्लॅस्टर तुझं.’’ मी म्हटले, कसे शक्य आहे, कपाचा पुरावा तूच काढला होतास. तो म्हणाला, ‘‘तूच. माझ्यावर बोट उगारून. आणि मला सांग, ती पानं आधीपासून फाटलेली कुठे होती? ते पुस्तक मी एकट्यानं पूर्ण वाचलं होतं. आत्याचं पत्र होतं त्यात.’’

आत्याच्या पत्राचा मी उल्लेखही केला नव्हता. पुस्तक पूर्ण वाचलेले असताना जुळ्या भावासाठी तो माझ्याशी सबंध उन्हाळाभर का भांडला, हे मी त्याला विचारले नाही. त्या चार पानांचे काय झाले, हे त्यानेही मला विचारले नाही. फोन ठेवला आणि गेम पुढे सुरू केला. मिरांडाचे म्हणणे रास्तच होते, दवाखान्याच्या खोलीत क्लिप कुठून मिळणार. दोन दारे ओलांडल्यावर एक मिळाली.