ओक ग्रोव्ह ते डेलाव्हिएगा : डिस्क गोल्फसाठी आखलेली कॅलिफोर्नियाची सफर

कॅलिफोर्नियात रोड ट्रिप म्हटली की लोक आधी शहरं ठरवतात. आम्ही आधी डिस्क गोल्फचे कोर्स ठरवले. नकाशावर कोर्सच्या खुणा केल्या, मग त्यांना जोडणारे रस्ते शोधले, आणि मुक्कामाचा विचार सगळ्यात शेवटी केला. नवऱ्याचं एवढंच म्हणणं होतं, "रोज एकच कोर्स, पण नीट खेळायचा." सबंध आराखडा या एका वाक्यावर उभा राहिला.

हा खेळ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नियम बरेचसे गोल्फचेच, फक्त काठी आणि चेंडूऐवजी हातात डिस्क, म्हणजे फ्रिस्बीसारखी चकती असते आणि खड्ड्याऐवजी खांबावर साखळ्या लावलेली बास्केट. टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून फेकायचं, डिस्क जिथे पडेल तिथून पुढचा थ्रो, आणि कमीत कमी थ्रोमध्ये बास्केट गाठायची. कोर्स साधारणपणे 9 किंवा 18 होलचे असतात. अमेरिकेत बहुतेक कोर्स सार्वजनिक उद्यानांत आहेत आणि तिथे खेळायला पैसे पडत नाहीत.

मार्ग ठरवताना मला एक सूत्र हवं होतं, ते एड हेड्रिक या माणसात सापडलं. व्हॅम-ओ या खेळण्यांच्या कंपनीत काम करताना त्याने फ्रिस्बीमध्ये सुधारणा केल्या. 1975 मध्ये पासाडिनाजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये त्याने पहिला कायमस्वरूपी डिस्क गोल्फ कोर्स उभा केला, 1976 मध्ये पीडीजीए (प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन) ही खेळाडूंची संघटना स्थापन केली आणि 1977 मध्ये साखळ्यांच्या बास्केटचं पेटंट मिळवलं. त्याची शेवटची वर्षं सांताक्रूझच्या परिसरात गेली. 2002 मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्याच इच्छेप्रमाणे त्याची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवल्या गेल्या. म्हणून ओक ग्रोव्हपासून सुरुवात आणि सांताक्रूझच्या डेलाव्हिएगा कोर्सवर शेवट, हे पक्कं झालं.

आता खऱ्या नियोजनाकडे येते. मैलांपेक्षा वाऱ्याचा हिशेब महत्त्वाचा. उन्हाळ्यात या किनाऱ्यावर सकाळी धुकं असतं, हवा शांत असते, आणि दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो. समोरून वारा आला की एरवी सरळ जाणारी डिस्क, उजव्या हाताने बॅकहँड (हात छातीसमोरून ओढून) फेकली असेल तर, उजवीकडे कलंडत जाते. मागून वारा असेल तर ती तरंगत नाही, लवकर खाली येते. म्हणून सकाळी खेळायचं आणि दुपारी 101 क्रमांकाच्या महामार्गावरून उत्तरेकडे निघायचं, असा दिवस आम्ही बांधला. आतल्या भागातलं ऊनही त्यामुळे टळलं. यूडिस्क या अ‍ॅपवर कोर्सचा नकाशा मिळतो आणि अलीकडे खेळून गेलेल्यांचे अभिप्रायही वाचता येतात. एखादा कोर्स स्पर्धेसाठी बंद आहे का, हे तिथे पोचून कळण्यापेक्षा आदल्या रात्री पाहिलेलं बरं.

बॅगेत डिस्क मोजक्याच घेतल्या. बऱ्याच डिस्कवर चार आकडे असतात: वेग, ग्लाइड (हवेत तरंगणं), टर्न (वेगात असताना एका बाजूला झुकणं) आणि फेड (वेग ओसरल्यावर उलट बाजूला वळणं). अनोळखी कोर्सवर मला वेगाचा मोह नको वाटतो. दोन विश्वासू मिडरेंज (मध्यम अंतराच्या डिस्क), एक वाऱ्याला न जुमानणारी ड्रायव्हर (लांब फेकायची डिस्क) आणि रोजच्या सरावाचे पटर (बास्केटजवळून टाकायच्या डिस्क) एवढं पुरेसं आहे. एक मात्र लक्षात ठेवा, बंद गाडीत उन्हात डिस्क ठेवू नका. प्लास्टिक मऊ पडून वाकतं आणि मग ती डिस्क पूर्वीसारखी उडत नाही.

ओक ग्रोव्हला सकाळी लवकर पोचलो. एका बाजूला सॅन गॅब्रिएलचे डोंगर, शेजारी नासाची जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी, आणि मधे ओकच्या दाट झाडांखालून जाणारा हा कोर्स. इथल्या ओकची पानं लहान, कडेला काटेरी, आणि वाळली की पायाखाली कुरकुरतात. त्या पाचोळ्यात डिस्क आडवी पडली की दिसते, पण कडेवर घुसली तर वरून फक्त एक बारीक रेघ राहते. सुरुवातीला इथे बास्केट नव्हत्या, नेम खांबावर धरायचा. साखळ्यांचा तो ओळखीचा खणखणाट नंतर आला. पहिल्या टीवर उभी राहिले तेव्हा मी खरोखर भारावले होते.

सॅन लुइस ओबिस्पोच्या लगुना लेकला थांबलो. उघडी जागा, मोकळा वारा. पाय मोकळे करायला छान, पण त्यासाठी मुद्दाम वाट वाकडी करायला मी सांगणार नाही.

डेलाव्हिएगासाठी मात्र जरूर करा. इथली मंडळी त्याला नुसतं 'डेला' म्हणतात. 1984 पासूनचा हा कोर्स डोंगरउतारावर आहे आणि तो उतारच तुमची परीक्षा घेतो. चुकलेला पट (बास्केटजवळून केलेला थ्रो) कडेवर पडला की डिस्क चाकासारखी घरंगळत खाली जाते. आमच्या मागून आलेल्या एका वयस्क खेळाडूने, आम्ही न विचारताच, युक्ती सांगितली. उतारावरच्या बास्केटला जोरात पट करायचा नाही. डिस्क सपाट ठेवून हलकेच सोडायची, म्हणजे चुकली तरी जवळच बसते. त्यानंतर नवऱ्याचे पट बघण्यासारखे झाले.

झुडपांत शिरण्याआधी पानं पाहा. तीन-तीनच्या झुबक्यातली चकचकीत पानं म्हणजे पॉयझन ओक. त्याचं तेल कातडीला लागलं की पुरळ उठतं, आणि ते डिस्कवरूनही हाताला लागतं. आम्ही डिस्क बाहेर काढायला लांब दांड्याचं रिट्रीव्हर वापरत होतो, आणि खेळ संपल्यावर डिस्क साबणाने धुतल्या.

डेलाला अठराहून जास्त होल आहेत, आणि त्यातल्या सत्ताविसाव्याला 'टॉप ऑफ द वर्ल्ड' म्हणतात. टी माथ्यावर, बास्केट खूप खाली, आणि समोर माँटेरीचा उपसागर. इथे डिस्क हवेत इतका वेळ राहते की तिची सगळी चाल डोळ्यांनी वाचता येते. आधी उजवीकडे झुकणं, मग सरळ होणं, आणि वेग ओसरल्यावर डावीकडे वळून उतरणं. सपाट मैदानावर हे सारं क्षणात उरकतं. आकड्यांतला टर्न आणि फेड मला खऱ्या अर्थाने इथे समजला.

दिवस हाताशी असतील तर सुरुवात आणखी दक्षिणेकडून, सॅन डिएगोच्या मॉर्ले फील्डपासून करा. तिथे शुल्क आहे. शेवट सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये करता येईल, तिथेही सकाळचीच वेळ धरा. आणि दिवस कमी असतील तर मधलं सगळं सोडा, ओक ग्रोव्ह आणि डेला हे दोनच ठेवा. पण डेलाला दोन सकाळी द्या, कारण पहिल्या फेरीत उताराचा अंदाज घेण्यातच सगळं लक्ष जातं.