चंदन-वंदनची न झालेली हाईक

पोटापाण्याला माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे आणि रविवारी सकाळी मी स्काउटमास्तर असतो. कुठल्या शाळेच्या हजेरीपटावर माझं नाव नाही. आमचं मुक्त पथक, मुलं 32, संघ चार. मैदान हेडमास्तरांच्या कृपेनं मिळतं आणि सुतळी माझ्या खिशातून येते. बेसिक कोर्स केला, ॲडव्हान्स केला, स्काउटमास्तर म्हणून नेमणुकीचं वॉरंट आलं, तेव्हापासून आठवडाभर 'ओ वायंडिंगवाले' म्हणणारी पोरं रविवारी दोन तास 'सर' म्हणतात. सोमवारी परत वायंडिंगवाले.

बाहेरच्यांना वाटतं, स्काउट म्हणजे 15 ऑगस्टला गळ्यात स्कार्फ घालून रांगेत उभं राहायचं. आमचा निम्मा वेळ बांबू-सुतळीत जातो आणि उरलेला निम्मा सह्यांत. प्रवेश, मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, पुढे राज्य पुरस्कार, त्याच्याही पुढे राष्ट्रपती. प्रत्येक पायरीला वही, वहीत प्रत्येक गोष्टीपुढे रकाना, आणि रकान्यात माझी सही. गाठी आल्या, सही. प्रथमोपचार आला, सही. वही भरली की मूल चाचणी शिबिराला जातं. वही भरणं आणि मूल तयार होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आमच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. बैठकीत मात्र कुणी बोलत नाही, कारण बैठकीत 'किती मुलं बसवली' एवढंच विचारतात.

आमच्या गरुड संघात एक मुलगा आहे. नववीत. खिशात कायम हातभर सुती दोरी, म्हणून पोरं त्याला दोऱ्या म्हणतात. आई रोजानं शेतात जाते. एका हातानं स्वतःच्या कमरेभोवती बोलाइन मारायला त्याला चार-पाच सेकंद लागतात. ही गाठ एका हातानं का यायला हवी, तर दुसऱ्या हातानं तुम्ही कशाला तरी लटकलेले असू शकता म्हणून. हे कारण मी एकदाच सांगितलं होतं, तो नवीन मुलांना अजून सांगतो. त्याचं स्क्वेअर लॅशिंग, म्हणजे दोन आडवे-उभे बांबू दोरीनं बांधणं, बघावं. सुरुवातीला उभ्या बांबूवर क्लोव्ह हिचची गाठ, मग दोन्ही बांबूंना धरून तीन वेढे, एकाशेजारी एक, दोरीवर दोरी चढता कामा नये. मग बांबूंच्या मधल्या फटीतून दोन-तीन आवळे, आणि शेवटी पुन्हा क्लोव्ह हिच. वेढे सगळीच पोरं सुबक घालतात. मार खातात ती आवळ्यात, कारण आवळा बाहेरून दिसत नाही आणि हात मात्र सोलतो. आवळ्याशिवायचं लॅशिंग म्हणजे वार्निश न मारलेली मोटार, पहिल्या दिवशी फिरते आणि आठव्या दिवशी जळून माझ्या दुकानात येते. दोऱ्याच्या आवळ्याला मी अजून बोट घालून हलवू शकलेलो नाही.

तर, तृतीय सोपानासाठी या संघाची हाईक बाकी होती. ठरलं चंदन-वंदनला जायचं. साताऱ्याकडच्या लोकांना हे जोडकिल्ले माहीत असतात, बाकीचे हायवेवरून जाताना बघतात आणि विसरतात. पायथ्याला किकली, तिथं भैरवनाथाचं जुनं देऊळ, आवारात वीरगळ, म्हणजे वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, मग वर खिंड, एका हाताला चंदन, दुसऱ्या हाताला वंदन. मुलांना होकायंत्र, नकाशा, मागखुणा सगळं एकाच दिवसात वापरायला मिळावं, असा माझा बेत.

दिवाळीनंतरचा पहिला रविवार अवकाळी पावसानं घालवला. दुसऱ्या रविवारी संघनायकाच्या घरी लग्न. तिसरा मी घालवला. शेतीची लाईट रात्रीची, त्यात व्होल्टेज कमी, शनिवारी संध्याकाळी चार सबमर्सिबल जळून दुकानात आल्या आणि चार शेतकरी डोक्यावर उभे. कांद्याची लागण सुरू होती. रात्री अकराला मी ग्रुपवर टाकलं, 'हाईक रद्द, पुढच्या रविवारी बघू.' पोरांनी अंगठे पाठवले. दोऱ्याकडं फोन नाही. तो सकाळी सहाला पाण्याची बाटली, काठी आणि भाकरी घेऊन मैदानावर येऊन बसला होता, हे मला शाळेच्या शिपायाकडून कळलं.

आणि मग निरोप आला की चाचणीचे फॉर्म आणि वह्या सोमवारी सकाळपर्यंत जमा करा.

त्या रविवारी मी गरुडच्या आठही मुलांना वर्गात बसवलं. फळ्यावर चंदन-वंदनचा नकाशा काढला. गेल्या वर्षीच्या एका मुलाची वही काढून अहवाल वाचून दाखवला. 'आम्ही सकाळी सात वाजता निघालो. वाटेत घोरपड दिसली.' कुणी काही विचारलं नाही. मुलं खाली मान घालून लिहीत होती आणि मी खिडकीतून बाहेर बघत होतो. आठ वह्या, आठ सह्या, दहा मिनिटांत काम झालं. असं सगळेच करतात, हे मी स्वतःला सांगितलं, आणि ते खरंही आहे. मी इतकी वर्षं ज्यांना नावं ठेवत होतो ते नेमकं हेच करत होते.

जानेवारीत शिबिर. पहाटेची शिट्टी, बी.पी.चे, म्हणजे स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलचे, सहा व्यायाम, तंबू तपासणी, झेंडा, मग दिवसभर चाचण्या. एका पथकाचं बांबूचं प्रवेशद्वार इतकं देखणं होतं की मी जवळ जाऊन बघितलं. गाठी मंडपवाल्याच्या होत्या. आमच्या गरुडनं बिनभांड्याच्या स्वयंपाकात निखाऱ्यावर वांगी भाजली, काठीला कणीक गुंडाळून भाजली, निम्मी कच्ची राहिली, पण त्यांनीच केली.

तोंडी परीक्षेला एक निवृत्त हेडमास्तर होते. गळ्यात वुडबॅजचे, म्हणजे स्काउटमास्तरांच्या वरच्या प्रशिक्षणाचे, दोन मणी, आवाज हळू. नेहमीचे प्रश्न झाले. पहिलं शिबिर कुठं? ब्राउन्सी बेटावर, 1907. मुलं किती? वीस. भारत स्काउट्स आणि गाईड्सची स्थापना? 7 नोव्हेंबर 1950. ही उत्तरं आमची पोरं पाढ्यासारखी म्हणतात. वर्तुळात टिंब म्हणजे कोणती खूण? 'गॉन होम', माझं काम झालं, मी घरी गेलो. ही कुठं कोरलेली आहे? यावर फक्त दोऱ्याचा हात वर. केनियात न्येरीला, बेडन-पॉवेलच्या थडग्यावर. मला बरं वाटलं. मी प्रवेशद्वाराच्या बांबूला टेकून आठ-दहा पावलांवर उभा होतो, हातात चहाचा कागदी कप.

मग त्यांनी वह्यांचा गठ्ठा पुढं ओढला. "चंदन-वंदनला गेला होता होय? कोण कोण होतं, हात वर करा."

सात हात वर गेले.

"तू रे?"

"मी न्हाई गेलो सर."

"आजारी होतास?"

"न्हाई सर."

"मग वहीत हे सगळं लिहिलंयस ते?"

"वहीत बगा की सर काय लिवलंय."

त्यांनी त्याची वही उघडली. सावकाश वाचली, मिटली, आणि एकदा माझ्याकडं बघितलं. मग विचारलं, "हे बाकीचे गेले होते?"

दोऱ्या खिशातल्या दोरीशी खेळत होता. म्हणाला, "माझं मी सांगितलं सर."

त्या वेळी मी काय करत होतो, तर चहा पीत होतो. कपात घोटभर चहा होता आणि तो मी फार मन लावून प्यायलो. पुढं व्हायचं, 'सर, चूक माझी आहे, हाईक झालीच नाही' म्हणायचं, चार वाक्यांचं काम. पोरानं माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यानं एकदा वळून बघितलं असतं तर मी बोललो असतो, असं मला वाटतं. पण ही माझी सोय असेल. सात जण पास झाले. त्याच्या नावापुढं लाल पेननं काहीतरी लिहिलं गेलं.

तासाभरानं संघनायक माझ्याकडं आला. "सर, त्यानं सगळी घाण केली. आपलं नाव गेलं." मी त्याला म्हणालो, "जा, तंबूच्या दोऱ्या ताणून घे." याच मुलाला मी दर रविवारी नऊ नियम म्हणायला लावतो. त्यातला पहिला, स्काउट विश्वसनीय असतो.

शेकोटी संपल्यावर मी त्या परीक्षकांच्या तंबूत गेलो. ते उद्याचा झेंडा घडी करत होते. ही घडी अशी घालावी लागते की वर चढताना सुटू नये आणि वर गेल्यावर एका हिसक्यात उलगडावी. मी म्हणालो, "सर, हाईक झाली नव्हती. कुणाचीच."

घडी थांबली नाही. "माहीत आहे. सात नकाशांत उत्तरेचा बाण एकाच चुकीच्या दिशेला आहे. फळ्यावर तुम्ही काढला होता ना?"

"हो."

"आठव्यात बरोबर आहे."

होकायंत्र शिकवणारा मी. त्या क्षणी, सांगायला लाज वाटते, मला खोट्या अहवालापेक्षा त्या बाणाचंच जास्त लागलं.

मी विचारलं, "मग सात पास कसे?"

"मी विचारलं, ते हो म्हणाले. स्काउटच्या शब्दावर विश्वास ठेवायचा असतो. तुम्हीच शिकवलंय ना?" मग झेंडा बाजूला ठेवून म्हणाले, "उद्या झेंड्यानंतर सगळ्यांसमोर सांगा. आठही मी कापतो. सांगता?"

मी म्हणालो, "सकाळी सांगतो."

सकाळी झेंडा वर गेला, हिसक्यात उलगडला. मी रांगेच्या मागं उभा होतो. डोक्यात त्या सात जणांचे आईबाप, दहावीला मिळणारे सवलतीचे गुण, पुढच्या वर्षी पथकात कोण पोरं पाठवणार, असलं सगळं. बोललो नाही. नंतर फक्त आमच्या आठ जणांना तंबूमागं नेऊन सांगितलं की चूक माझी होती, दोऱ्याची नाही, त्याला कुणी काही बोलायचं नाही. पोरं 'हो सर' म्हणाली. ती नेहमीच 'हो सर' म्हणतात.

त्या परीक्षकांचाही मला राग आहे, तो लपवत नाही. माहीत होतं तर त्यांनी त्या सात जणांना दुसऱ्यांदा का विचारलं नाही? धडा मला द्यायचा होता, पण त्यासाठी उन्हात उभं राहिलं एक चौदा वर्षांचं पोरगं. असा विचार करत मी बराच पुढं जातो आणि मग मला माझा तो चहाचा कप आठवतो.

घरी आल्यावर मी जिल्ह्याला पत्र लिहिलं. पोच मिळाली. काही आठवड्यांनी खाकी पाकिटातून सात प्रमाणपत्रं आली. सात घरांतून स्टेटसला फोटो लागले. दोऱ्याची आई शेतावरून येताना दुकानाशी थांबली. "आमच्याच पोराचं कसं काय मागं राह्यलं सर? अब्यास करत न्हाई का?" मी म्हणालो, "करतो, करतो. पुढच्या वर्षी होईल." याच्या पुढं एक वाक्य होतं, तेही मी बोललो नाही.

वह्या परत आल्या तेव्हा मी पहिल्यांदा त्याची वाचली. सही माझीच होती, न वाचता केलेली. इतरांच्या वहीत 'निघालो, पोचलो, पाहिले'. याच्यात वर शीर्षक, 'चंदन-वंदन हाईक', आणि खाली: 'सकाळी सात वाजता निघायचे. किकलीला देवळात थांबायचे. वीरगळ मोजायचे. खिंडीत जेवायचे. वंदनवर जायचे.' पानभर असंच. घोरपड नव्हतीच. घोरपड दिसायची असं लिहिता येत नाही, म्हणून गाळली असणार. मी फळ्यासमोर उभा राहून 'निघालो' म्हणत होतो आणि तो माझ्यासमोर बसून 'निघायचे' लिहीत होता.

फेब्रुवारीत, 22 तारखेच्या स्काउटांच्या चिंतन दिनाच्या आसपास, दुकान बंद ठेवून मी आठही जणांना चंदन-वंदनला नेलं. नकाशा दोऱ्याकडं दिला. किकलीत तो खरोखरच वीरगळ मोजत बसला, बाकीची पोरं कंटाळून देवळाच्या सावलीत आडवी झाली. खिंडीत जेवलो, वंदन चढलो. चंदनवर जायला वेळ उरला नाही. संघनायक आणि तो वाटेत बोलत होते, काय ते मी मागं राहून ऐकलं नाही.

उतरल्यावर देवळाच्या पायरीवर बसून त्यानं ती जुनी वही काढली आणि पेन्सिलीनं एकेक शब्द खोडून वर लिहायला लागला. 'निघायचे'चं 'निघालो'. 'मोजायचे'चं 'मोजले', पुढं आकडा. 'चंदनवर जायचे' तसंच ठेवलं.

मग वही माझ्यापुढं धरली. या वर्षीची चाचणी कधीच होऊन गेली होती, त्या सहीचा कुठंच उपयोग नव्हता. मी म्हणालो, "अरे, सही आधीच आहे की खाली."

"ती न्हाई. नवीन करा."

मी पेन काढून थेट पानाच्या तळाशी नेलं, तर त्यानं वही जराशी मागं घेतली.

"वाचून करा सर."