शून्य बेरजेचे पॅकेट

महापे येथील आमच्या कार्यालयात मी ज्या गेटवे उपकरणाचा इथरनेट ड्रायव्हर (नेटवर्क कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) सांभाळतो, ते मीटरच्या नोंदी यूडीपीवरून, म्हणजे पोहोच न मागणाऱ्या साध्या पद्धतीने, सर्व्हरकडे पाठवते. नेटवर्क इंटरनेट पत्त्यांच्या आयपीव्ही ४ या जुन्या आवृत्तीवरून नव्या आयपीव्ही ६ वर नेल्यानंतर अधूनमधून एखादी नोंद पोहोचेनाशी झाली. बहुतेकांचा संशय केबलवर किंवा स्विचवर होता, पण चाचणी विभागातील सहकारी म्हणाली, "सर, हरवलेली नोंद पुन्हा पाठवली, तरी नेमकी तीच पुन्हा हरवते." केबलचा बिघाड पॅकेटातला मजकूर वाचून पॅकेट निवडत नाही, त्यामुळे तिच्या या निरीक्षणाने तपासाची दिशाच ठरली.

उपकरणावर टीसीपीडंप हे पॅकेट टिपणारे साधन लावण्यात अर्थ नव्हता. चेकसम म्हणजे मजकूर वाटेत बिघडला का हे ओळखण्यासाठी पॅकेटात ठेवलेली बेरीज; तिचे काम नेटवर्क कार्डावर सोपवलेले (ऑफलोड) असले की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, त्या जागी केवळ स्यूडो-हेडरची (पत्ते, लांबी वगैरेंची) बेरीज ठेवतो, आणि पॅकेट कार्डाकडे जाण्याआधीच टिपले जात असल्याने बाहेर जाणाऱ्या जवळपास प्रत्येक पॅकेटाचा चेकसम चुकलेला दिसतो. म्हणून स्विचच्या मिरर पोर्टवर, म्हणजे जाणाऱ्या पॅकेटांची प्रत देणाऱ्या जोडणीवर, लॅपटॉप जोडला. हरवणारे पॅकेट तेथे धडधाकट दिसले. फक्त यूडीपी हेडरच्या शेवटच्या, म्हणजे चेकसमच्या, दोन बाइट ०० ०० होत्या.

गणनेअंती चेकसम शून्य आला, तर त्याऐवजी एफएफएफएफ (सोळाही बिट एक) पाठवावे, असे १९८० च्या आरएफसी ७६८ या यूडीपीच्या मानकातच स्पष्ट लिहिले आहे, कारण यूडीपीत शून्य म्हणजे चेकसम काढलेलाच नाही. टीसीपी या पोहोच घेणाऱ्या दुसऱ्या पद्धतीला हा अपवाद नाही, आणि आमची चिप यूडीपीलाही टीसीपीसारखेच वागवत होती. आयपीव्ही ४ वर असे पॅकेट तपासणीविना स्वीकारले जाते, म्हणून दोष इतका काळ दडून राहिला. मला तर ते नोंद हरवण्याहूनही गंभीर वाटते, कारण वाटेत बिघडलेली नोंदही तशीच स्वीकारली जाऊ शकते. आयपीव्ही ६ च्या हेडरला स्वतःचा चेकसम नसल्याने तेथे सर्वसाधारणपणे यूडीपीचा चेकसम सक्तीचा असतो, आणि शून्य दिसताच लिनक्स पॅकेट टाकून देतो. सोळा बिटांच्या हिशेबाने हे सुमारे ६५,५३६ पॅकेटांमागे एकदा घडणार.

नेटवर्क कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या ईथटूल या साधनाने चेकसमचा ऑफलोड बंद करताच तीच नोंद पोहोचली. मात्र तो सरसकट बंद केला की टीसीपीचे सेगमेंटेशन ऑफलोडही (मोठ्या मजकुराचे तुकडे कार्डाकडून करून घेण्याची सोय) जाते, म्हणून ड्रायव्हरमध्ये केवळ यूडीपीची बेरीज कर्नलकडे परत दिली. आता चाचणीत पॅकेटाच्या शेवटच्या दोन बाइट जुळवून चेकसम मुद्दाम शून्यावर आणला जातो, आणि निकाल मिरर पोर्टवरच पाहिला जातो, कारण आयपीव्ही ४ वरचा सर्व्हर याबद्दल कधीच तक्रार करणार नाही.