पाचगणीतील एक रात्र आणि डॉ. गिल्डर

साताऱ्याहून वाईमार्गे पसरणीचा घाट चढून आम्ही पाचगणीला पोहोचलो, टेबललँडवरची गर्दी आणि घोड्यांच्या टापांची धूळ सोसून अंधार पडण्यापूर्वी परतलो. त्या दिवसाचे सांगण्यासारखे एवढेच. रात्र मात्र विसरता येत नाही. ज्या जुन्या पारशी बंगल्यात आम्ही उतरलो होतो, तेथे शेजारच्या खोलीतील तरुणांचे मद्यपान दोन वाजेपर्यंत चालले. मला असला धिंगाणा मुळीच सहन होत नाही, म्हणून तक्रार करायला बाहेर आलो, तर ऐंशीच्या घरातील मालकीणबाई त्यांच्यातल्याच एका मुलाला व्हरांड्यात आरामखुर्चीवर टेकवून त्याचे तोंड ओल्या पंच्याने पुसत होत्या.

सकाळी चहाच्या वेळी त्या म्हणाल्या, "माझ्या आजोबांचे मुंबईत दारूचे दुकान होते. ते गिल्डरांच्या वेळी बंद झाले, म्हणून आमच्या घरात डॉक्टरांचे नाव रागानेच निघायचे."

डॉ. मंचेरशा गिल्डर स्वतः पारशी आणि मुंबईतील हृदयरोगाचे नामांकित डॉक्टर. १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे आरोग्य आणि अबकारी अशी दोन्ही खाती आली. म्हणजे दारूने बिघडणारे शरीर आणि दारूतून मिळणारा महसूल, दोहोंचा हिशेब एकाच माणसाच्या टेबलावर होता. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबईत दारूबंदी लागू झाली, तेव्हा त्या धंद्यात असलेले त्यांचेच अनेक समाजबांधव दुखावले. कायद्याने दारू सुटते असे मला वाटत नाही, पण घरच्यांचाच रोष आधी ओढवून घेणारा मंत्री मला मोठा वाटतो.

पुढे फेब्रुवारी १९४३ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींनी २१ दिवसांचे उपोषण केले, तेव्हा येरवड्यात कैदेत असलेल्या गिल्डरांना त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवण्यासाठी तेथे आणण्यात आले. कस्तुरबांच्या अखेरच्या आजारातही या कैदी डॉक्टरने त्यांच्यावर उपचार केले. सुटकेनंतर, जुलै १९४४ मध्ये, गांधीजी विश्रांतीसाठी याच पाचगणीत आले होते.

"आता राग आहे का?" मी विचारले. "दुकान गेले याचे वाईट अजून वाटते," त्या म्हणाल्या, "पण काल त्या पोराचे डोके धरून बसले होते, तेव्हा मला डॉक्टरच आठवले."

तेवढ्यात तो मुलगा खाली मान घालून बाहेर आला. बाईंनी त्याच्या हातात लिंबूपाण्याचा पेला दिला, आणि रात्रीची तक्रार मी कोणाकडेच केली नाही.